माणूस की मासा : एक चुकीचा प्रश्न

धरण, बंदर, खाडीतील भराव किंवा पाणथळीवरील वसाहत यांपैकी कशावरही कोणी हरकत घेतली की सभेत एक प्रश्न हमखास उठतो : ‘माणूस मोठा की मासा?’ प्रश्नाला टाळ्या मिळतात आणि हरकत घेणारा खाली बसतो. विचारणारा दर वेळी कोणाचा हस्तक असतो असे नाही. पुष्कळदा तो गरिबांच्या कळवळ्यानेच बोलत असतो, आणि म्हणूनच चळवळीत मुरलेला कार्यकर्ताही येथे निरुत्तर होतो. उपाशी किंवा आजारी माणसासमोर एका क्षुद्र जलचराची बाजू घेणे हे त्याला सुखवस्तूंचे चोचले वाटतात. परंतु या प्रश्नाच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. माणसाचे हित व माशाचे हित ही एकाच तराजूची दोन पारडी असून एक वर गेल्याखेरीज दुसरे खाली येत नाही, असे हे गृहीत. ते किती तकलादू आहे हे पाहण्यासाठी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील एका बोटभर माशाची हकीकत पुरेशी आहे.

या माशाला तेथील लोक ‘सामारूक’ म्हणतात. तो किलीफिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या माशांपैकी एक. त्याची लांबी फार तर आठ सेंटिमीटर. बाजारात त्याला कधी भाव नव्हता आणि कोणा राजाच्या ताटातही तो कधी गेला नाही. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन याने १८४६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि १९२८ साली त्याच्यासाठी ‘व्हॅलेन्सिया’ ही स्वतंत्र प्रजाती मानण्यात आली. या साऱ्या कुळात आज केवळ तीन जाती ज्ञात आहेत. दोन भाऊबंद ग्रीस व आल्बेनिया यांच्या किनाऱ्याकडे राहतात आणि तिसरा हा. एब्रो नदीच्या मुखापासून दक्षिणेकडे व्हॅलेन्सियाच्या पाणथळींपर्यंतची किनाऱ्याची एक अरुंद पट्टी, एवढेच त्याचे जग. त्या पट्टीतही त्याला लागते ते विशिष्ट पाणी : गोड्या झऱ्यांचे आणि किंचित खारटलेल्या सरोवरांचे, नितळ, संथ, तळाशी पाणवनस्पतींचे दाट रान असलेले. त्या वनस्पतींवरच त्याची मादी अंडी चिकटवते. फ्रान्सच्या दक्षिण टोकालाही तो एके काळी सापडत असे. तेथून तो नाहीसा झाला आहे. त्याची गणना आज अतिसंकटग्रस्त जातींत होते.

हे पाणी निर्मनुष्य नव्हते, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. व्हॅलेन्सिया शहराच्या दक्षिणेस आल्बुफेरा नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. वाळूच्या एका पट्ट्याने ते समुद्रापासून वेगळे झाले आहे. पूर्वी त्यात समुद्राचे पाणी मिसळे. शेतीच्या सोयीसाठी मुखांवर दरवाजे बसवून माणसाने ते हळूहळू गोडे केले. सरोवरातील एल पाल्मार गावाचे कोळी मासेमारीच्या जागा चिठ्ठ्या टाकून आपसांत वाटून घेत आले आहेत. या प्रथेचे मूळ मध्ययुगात शोधले जाते. सामुदायिक व्यवस्थेचा हा नमुना निर्दोष होता असे मात्र नाही. बापाचा मासेमारीचा हक्क मुलालाच मिळे, मुलीला मिळत नसे. तो मिळवण्यासाठी गावातील स्त्रियांना १९९०च्या दशकात न्यायालयात जावे लागले. कोळ्यांच्या जोडीला येथे भातशेतकरी होते. एकोणिसाव्या शतकात होडीहोडीने माती आणून सरोवराचे तुकडे बुजवण्यात आले आणि त्यांची भातखाचरे झाली. व्हॅलेन्सियाचा प्रजासत्ताकवादी पुढारी व कादंबरीकार ब्लास्को इबान्येथ याने १९०२ साली ‘कान्यास इ बार्रो’ ही कादंबरी लिहिली, तिला हाच चिखल, हीच होडी आणि हीच जमिनीची भूक यांची पार्श्वभूमी आहे.

या चिखलात भाताबरोबर ताप पिकत असे. भातशेतीमुळे गावेच्या गावे हिवतापाने खंगतात, अशी कैफियत वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिल्येस याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडली होती. डास हा या रोगाचा वाहक आहे हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते ठाऊक झाले, पण ताप तसाच राहिला. किनाऱ्यावरील भातखाचरांत तो होता आणि पश्चिमेकडील एस्त्रेमादुराच्या मोठ्या जमीनदाऱ्यांतही होता. रोजंदारीवरच्या शेतमजुराला हिवताप म्हणजे केवळ आजार नव्हे. सुगीच्या दिवसांत अंगात थंडी भरली की मजुरी बुडते, मजुरी बुडाली की घरातले धान्य संपते आणि धान्य संपले की पुढच्या तापाला तोंड देण्याची ताकदही संपते. ‘माणूस मोठा की मासा’ असे जर कोठे प्रामाणिकपणे विचारता आले असते, तर ते येथेच.

स्पेनमध्ये हिवतापाविरुद्ध लढण्यासाठी १९२० साली मध्यवर्ती आयोग स्थापन झाला. परोपजीवी जंतूंचे अभ्यासक गुस्ताव्हो पित्तालुगा हे त्याचे अध्वर्यू आणि तरुण डॉक्टर सादी दे ब्वेन हे त्यांचे सहकारी. १९२१ साली दे ब्वेन यांच्या हातून एक गोष्ट घडली. अमेरिकेच्या दक्षिण भागातील ‘गांबुसिया’ नावाचा लहानसा मासा मागवून तो एस्त्रेमादुरातील एका तलावात सोडण्यात आला. हा मासा डासांच्या अळ्या खातो, घाणेरड्या पाण्यात तगतो, उन्हाने तापलेल्या डबक्यातही मरत नाही आणि अंडी न घालता थेट पिल्ले देतो. ना पैशाचा मोठा खर्च, ना यंत्र, ना औषध. गरीब देशाला याहून सोयीचा सैनिक कोणता मिळणार? पुढच्याच वर्षी तो स्पेनमधून इटलीत गेला आणि तेथून भूमध्य समुद्राभोवतीच्या अनेक देशांत. इटलीहून तो १९२८ साली भारतातही आला. सामारूकला स्वतंत्र प्रजातीचे नाव मिळाले तेही याच साली, हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

पुढे काय झाले ते आता सर्वज्ञात आहे. गांबुसिया डासांच्या अळ्या खातो हे खरे, पण तो केवळ अळ्याच खातो असा करार त्याने कोणाशी केला नव्हता. तो दुसऱ्या माशांची अंडी खातो, त्यांची नुकती जन्मलेली पिल्ले खातो, बेडकांची पिल्ले खातो, आणि आपल्याहून सावकाश हालणाऱ्या माशांचे पर कुरतडून त्यांना अन्नापासून हाकलून लावतो. एका उन्हाळ्यात त्याच्या अनेक पिढ्या होतात. वनस्पतींवर अंडी चिकटवून ती उबण्याची वाट पाहणाऱ्या सामारूकचा अशा पाहुण्यापुढे टिकाव लागणे कठीण होते. जेथे जमिनीतून थंड झरे उसळतात आणि थंडाव्यामुळे गांबुसियाचा जोर कमी पडतो, अशा थोड्या जागी तो तगून राहिला. ज्या गांबुसियाला स्पेनच्या सरकारी डॉक्टरांनी हौसेने आणले, त्याची नोंद आज स्पेनच्याच कायद्यात आक्रमक परकी जात म्हणून आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २००० साली जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जातींची यादी केली, तीतही गांबुसियाला स्थान मिळाले.

मग दे ब्वेन यांना गुन्हेगार ठरवायचे काय? तसे करणे अन्यायाचे होईल. हा मनुष्य सरंजामदारांचा चाकर नव्हता. त्याचे वडील ओदोन दे ब्वेन हे स्पेनमधील सागरविज्ञानाचे प्रवर्तक. डार्विनचे विचार शिकवल्याबद्दल त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चर्चचा रोष पत्करला होता. सादी यांनी स्वतः उलटसुलट येणाऱ्या तापाच्या जंतूचा शोध लावून वैद्यकात मोलाची भर घातली आणि आयुष्याची उमेदीची वर्षे खेड्यापाड्यांतील हिवतापाशी झुंजण्यात घालवली. १९३६ साली फ्रँकोच्या बाजूच्या बंडखोरांनी त्यांना कोर्दोबा येथे गोळ्या घातल्या. शेतमजुरांच्या तापाची चिंता वाहणारा डॉक्टर हुकूमशाहीला नको होता. अशा माणसाच्या हेतूविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे कृती निर्दोष होते, असा नियम नाही, आणि सार्वजनिक कार्य करणाऱ्याने हे सर्वांत आधी शिकावे लागते. सादी यांचा सख्खा भाऊ फेर्नान्दो दे ब्वेन हा मत्स्यशास्त्रज्ञ होता. स्पेनच्या गोड्या पाण्यातील माशांचा अभ्यास हे त्याच्या आयुष्याचे काम होते. म्हणजे पाण्यात आधीपासून कोण राहते याचे ज्ञान त्या देशात होते, त्या घरातसुद्धा होते. तरीही पाण्यात परका मासा सोडताना ‘येथे आधी कोण आहे?’ हा प्रश्न निर्णायक ठरला नाही. एकट्या व्यक्तीचा हा दोष नव्हे, तो त्या काळच्या दृष्टीचा होता. पाणी म्हणजे रिकामे भांडे आणि त्यात शहाण्याने हवे ते ओतावे, अशी ती दृष्टी. माळरान म्हणजे पडीक जमीन, दलदल म्हणजे वाया गेलेली जागा आणि अडाणी लोक म्हणजे कोरी पाटी, या समजुती त्याच कुळातल्या. वरून येणाऱ्या सुधारणेने माशाला जसे जमेस धरले नाही, तसेच ती पुष्कळदा माणसालाही धरत नाही.

आणि ज्या हितासाठी हे सारे झाले, ते हित तरी साधले काय? याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. यादवी युद्धानंतर, १९४०च्या दशकाच्या आरंभी, स्पेनमध्ये उपासमार आली, आणि तिच्याबरोबर हिवतापाची अशी लाट आली की रोग्यांची संख्या लाखांवर गेली. तोवर गांबुसियाला देशात येऊन वीस वर्षे झाली होती. मासा होता, पण पोटात अन्न नव्हते, घराला जाळी नव्हती, क्विनाइन पुरेसे नव्हते आणि ते वाटणारी आरोग्यव्यवस्था युद्धाने मोडून टाकली होती. औषधे, फवारणी, पाण्याचा निचरा, बरी घरे आणि बरे अन्न या साऱ्यांच्या मेळातून रोग पुढे हटला आणि १९६४ साली स्पेन हिवतापमुक्त जाहीर झाला. डबक्यातल्या माशाने काहीच केले नाही असे म्हणण्याचे कारण नाही, पण शेतमजुराची मजुरी, घर आणि दवाखाना यांना तो पर्याय नव्हता. स्वस्त उपायाचे आकर्षण नेहमी येथेच फसवते. जमिनीच्या मालकीला हात लावण्यापेक्षा तलावात मासा सोडणे कोणत्याही सत्तेला सोपे असते.

अर्थात सामारूकच्या दुर्दशेचे सारे खापर गांबुसियाच्या माथी फोडता येणार नाही. परक्या माशाने त्याला कोपऱ्यात रेटले आणि मग त्या कोपऱ्यातले पाणीच माणसाने नासवले. १९६०च्या दशकापासून व्हॅलेन्सियाभोवतीच्या कारखान्यांचे आणि वाढत्या वस्त्यांचे सांडपाणी, शेतीतली खते व कीटकनाशके आल्बुफेरात उतरू लागली. १९७०च्या दशकात नितळ सरोवर हिरवेगार, गढूळ झाले. सूर्यप्रकाश तळाशी पोहोचेना, तेव्हा तळाचे वनस्पतींचे रान मेले, आणि त्या रानाबरोबर अंडी घालण्याची जागा गेली. कोळ्यांच्या जाळ्यांनीही ही आपत्ती अनुभवली. सामारूकला जे पाणी मानवले नाही, ते कोळ्याच्या धंद्यालाही मानवले नाही. तराजूची दोन पारडी येथे एकाच वेळी खाली गेली.

त्याच सुमारास सरोवर व समुद्र यांमधील एल सालेरचा वाळूचा पट्टा, त्यावरील पाइनच्या जंगलासकट, विक्रीस निघाला होता. ही जमीन १९११च्या कायद्यान्वये सरोवरासह शहराच्या मालकीची झाली होती, म्हणजे ती जनतेची होती. फ्रँकोच्या राजवटीत तिच्यावर उंच इमारती, हॉटेले आणि गोल्फचे मैदान यांची योजना आखली गेली. वाळूच्या टेकड्या सपाट झाल्या आणि इमारती उभ्या राहू लागल्या. सभास्वातंत्र्य नसलेल्या त्या काळात, १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात, शहरातले नागरिक, विद्यार्थी, वास्तुतज्ज्ञ आणि निसर्गाचे अभ्यासक एका घोषणेखाली एकत्र आले : एल सालेर लोकांसाठी. घोषणेत माशाचे नाव नव्हते, पक्ष्याचे नव्हते. होते ते लोकांचे. हुकूमशाही संपल्यावर १९७९ साली पहिली लोकनियुक्त नगरपालिका आली आणि तिने योजना थांबवली. १९८६ साली आल्बुफेरा व तिचा परिसर संरक्षित निसर्गोद्यान झाला. जो लढा सार्वजनिक जमीन सार्वजनिक राहावी म्हणून झाला, त्यानेच सामारूकच्या पाण्याभोवतीही कुंपण घातले. माणूस आणि मासा यांचा वैरी एकच होता, हे त्या लढ्याने सिद्ध केले.

एल पाल्मार येथे आज शासनाचे केंद्र सामारूकची पैदास करते आणि निवडक झऱ्यांत व तळ्यांत पिल्ले सोडते. हे काम मोलाचे आहे आणि त्यामुळे जात अद्याप जिवंत आहे. तथापि टाकीत वाढवलेला मासा म्हणजे छावणीत ठेवलेला विस्थापित. छावणी जीव वाचवते, घर परत देत नाही. सोडलेल्या पिल्लांना पाणी मिळाले नाही, किंवा मिळालेल्या पाण्यात गांबुसिया आधीच बसलेला असला, तर पुन्हा टाकीकडे वळावे लागते. घर परत द्यायचे तर झऱ्यांचे पाणी उपसून संपवता कामा नये, सांडपाणी शुद्ध झाल्यावाचून सरोवरात येता कामा नये आणि नदीच्या पाण्याचा वाटा सरोवरालाही मिळाला पाहिजे. हे तिन्ही प्रश्न प्रयोगशाळेचे नसून वाटपाचे, म्हणजे राजकारणाचे आहेत.

येथे एक रास्त आक्षेप येऊ शकतो. पाण्याचा वाटा सरोवराला द्यायचा म्हणजे भातशेतकऱ्याच्या तोंडचा घास काढायचा काय? आल्बुफेराचेच उदाहरण सांगते की तसे नाही. शेतांतून फिरून सरोवरात येणारे पाणीच त्याला आज मोठ्या प्रमाणात जगवते, आणि पाण्याने भरलेली खाचरे हीच हिवाळ्यात पक्ष्यांचा आसरा होतात. शेतकरी तेथून गेला आणि त्याच्या जागी वसाहत आली तर सरोवर वाचणार नाही, मरेल. म्हणून शेतकऱ्याला शत्रू ठरवणारे निसर्गरक्षण जितके आंधळे, तितकेच शेतकऱ्याचे नाव पुढे करून बांधकामदारांची वाट मोकळी करणारे राजकारण लबाड.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी या प्रदेशाने एक भयंकर दिवस पाहिला. काही तासांच्या मुसळधार पावसाने व्हॅलेन्सिया प्रांतातील कोरड्या ओढ्यांना प्रलय आला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आल्बुफेराला मिळणाऱ्या पोयोच्या ओढ्याकाठची दाट वस्तीची गावे चिखलात बुडाली आणि त्या पुराने वाहून आणलेला कचरा, तेल व घाण शेवटी सरोवरात येऊन पडली. पुराच्या वाटेवर घरे व कारखाने उभे राहू देणाऱ्या धोरणांनी त्या दिवसाची तयारी कित्येक वर्षे आधी केली होती. त्या रात्री माणूस मोठा की मासा हे विचारायला कोणी उरले नव्हते. पाण्याची वाट अडवली की ते दोघांनाही बुडवते, एवढेच दिसले.

गांबुसिया भारतात आला आहे, त्याला शतक पुरे होत आले. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना ही हकीकत दूरची वाटण्याचे म्हणूनच कारण नाही. आजही पावसाळ्याच्या तोंडी डास निर्मूलनाच्या मोहिमेत गप्पी व गांबुसिया पाण्यात सोडले जातात आणि पुष्कळदा ते सोडणारे हात सद्‌हेतूने काम करणाऱ्या तरुण मंडळांचे असतात. चारी बाजूंनी बंद अशा सिमेंटच्या टाकीत मासा ठेवणे वेगळे आणि ओढा, तळे, भातखाचर किंवा खाडीला मिळणारा नाला यांत तो सोडणे वेगळे. टाकीतला मासा टाकीत राहतो. ओढ्यातला मासा नदीत जातो आणि मग त्याला परत बोलावणारा कोणी नसतो. शिवाय सह्याद्रीच्या ओढ्यांत व कोकण-गोव्याच्या सखल पाण्यांत सामारूकसारखाच एक छोटा किलीफिश मूळचाच आहे. पाण्याच्या अगदी पृष्ठभागालगत तरंगणारा हा ‘पिकू’ डासांच्या अळ्या आवडीने खातो. जे काम करायला घरचा माणूस हजर आहे, त्यासाठी परदेशातून मुकादम आणण्याची ही रीत जुनी आहे, पण ती शहाणपणाची नाही.

तेव्हा कार्यकर्त्याने काय करावे? हिवताप व डेंग्यू यांविरुद्धची लढाई सोडून माशांची पूजा करावी असे कोणी म्हणत नाही. ती लढाई अधिक नेटाने लढली पाहिजे. झोपडपट्टीला बंद गटारे व नियमित नळाचे पाणी हवे, म्हणजे पिंपे भरून ठेवावी लागणार नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर व औषध हवे. बांधकामांवर साचणाऱ्या पाण्याबद्दल मजुराला नव्हे तर ठेकेदाराला दंड हवा. या मागण्या महाग आहेत म्हणून त्यांऐवजी पाण्यात पिशवीभर मासे सोडून छायाचित्र काढून घेणे, ही लोकांची फसवणूक आहे. आणि कोणतीही योजना गावात नेण्याआधी त्या गावच्या कोळ्याला, शेतकऱ्याला, ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बाईला विचारले पाहिजे की या पाण्यात आधीपासून कोण राहते आणि त्याच्यावर कोण जगते. हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. थोडी नम्रता लागते.

सादी दे ब्वेन यांच्यापाशी त्याग होता, ज्ञान होते, जनतेविषयी प्रेम होते. त्यांच्या वारसांनी त्यांच्यापासून हे सारे घ्यावे आणि जो प्रश्न त्या पिढीकडून राहून गेला तो आपल्या यादीत पहिला लिहावा. सामारूक वाचला तर त्याने कोणाचे पोट भरणार नाही, हे खरे. पण ज्या पाण्यात तो जगतो ते पाणी नितळ असते, वाहते असते आणि सर्वांचे असते. माणसालाही दुसरे कोणते पाणी हवे आहे?